गाडी घरची, किल्ली कुणाकडे?



गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत जुना छोटा टेम्पो घ्यावा का, असा विषय निघाला. पापड, शेवया, भाजी तालुक्याच्या बाजाराला न्यायची तर दर वेळी भाड्याची गाडी लागते, आणि आठवड्याच्या कमाईतला मोठा घास ते भाडंच खातं. हिशेब मांडला, सगळ्या हो म्हणाल्या. मग एकीने विचारलं, "घेतला तर चालवणार कोण?" बैठक गप्प झाली. एक जण म्हणाली, आमच्या धाकट्या दिरांना येतो चालवायला. त्यावर दुसरी म्हणाली, मग गाडी आपली का दिरांची?

आमच्यात सगळ्यात वडीलधाऱ्या आहेत आक्का. त्या हसायला लागल्या. त्यांच्या लहानपणी तालुक्याहून गावापर्यंत एक जुनी डॉज मोटार यायची. माणसं बसायची सहा, कोंबायचे बारा. एका दाराला कडी नव्हती म्हणून ते सुतळीने बांधलेलं. घाट आला की पुरुषमंडळी उतरून ढकलायची, बायका मागच्या बाकावर पोरं मांडीवर घेऊन बसून राहायच्या. आक्का म्हणाल्या, "त्या चाकाला हात लावायचं आमच्या मनात सुद्धा आलं नाही कधी."

डॉज हे नाव ऐकलं आणि आम्ही शोधायला लागलो. वाचनालयातली पुस्तकं चाळली, मोबाइलवर धुंडाळलं. डॉज ही अमेरिकेची मोटार. त्या काळात अमेरिकी गाड्यांचे सुटे भाग मुंबईच्या बंदरात उतरायचे आणि इथे जोडले जायचे. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली शिवडीला जोडणीचा कारखाना काढला, तो १९५४ पर्यंत चालला. स्वातंत्र्याच्या सुमाराला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला कारखाना काढला आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या बाजारात आणल्या. आपल्याकडे वडाप म्हणून धावून धावून खिळखिळी झालेली ती मोटार तिच्या स्वतःच्या देशात साधी घरगुती गाडी होती. नवरा, बायको, दोन-तीन पोरं आणि मागे सामान. आज आपण त्या गाड्यांच्या देशात जाऊन त्यांच्या खोडी आणि तऱ्हा बघू. आणि आमच्या बैठकीतला प्रश्न तिथेही विचारू.

सुरुवात करावी लागते फोर्डच्या मॉडेल टीपासून. हेन्री फोर्ड हा मिशिगन राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याची ही गाडी १९०८ च्या ऑक्टोबरात निघाली तेव्हा किंमत होती ८५० डॉलर. पुढे कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू झाली तशी किंमत उतरत गेली आणि १९२५ च्या आसपास सगळ्यात स्वस्त प्रकार २६० डॉलरला मिळायला लागला. १९२७ ला ही गाडी बंद झाली तोवर दीड कोटीच्या वर गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. लोक तिला टिन लिझी म्हणायचे, लाडाने पण आणि वैतागून पण.

वैताग कशाचा, ते ऐका. पायाशी तीन पेडल, पण आजच्या मोटारीसारखी नाहीत. डावं पूर्ण दाबलं की गाडी हळू पुढे जाणार, पूर्ण सोडलं की वेगात जाणार. मधलं दाबलं की मागे. उजवं म्हणजे ब्रेक. वेग वाढवायचा तो पायाने नाहीच, चाकाखाली एक दांडी असायची, ती हाताने ओढायची. पेट्रोलची टाकी पुढच्या बाकाखाली. त्यामुळे पेट्रोल भरायचं म्हटलं की पुढच्या सगळ्यांनी उठायचं, गादी उचलायची, मग झाकण सापडणार. किती उरलंय हे दाखवायला काटा नाही. लाकडी पट्टी आत बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं, आपण रॉकेलच्या डब्यात काडी घालून बघायचो तसंच. शिवाय पेट्रोल इंजिनापर्यंत पंपाने जात नसे, आपोआप वाहत जायचं. टाकीत थोडं पेट्रोल आणि समोर उभा चढ असला की ते इंजिनापर्यंत पोचतच नसे. मग लोक काय करायचे? गाडी वळवायची आणि पाठमोरी चढवायची! आणि सगळ्यात गंमत दाराची. कित्येक वर्षं तिथल्या उघड्या मॉडेल टीला चालकाच्या बाजूला दारच नव्हतं. पत्र्यावर दाराची नुसती आकृती उठवलेली असायची. चालकाने पलीकडच्या बाजूने चढून सरकत यायचं, नाहीतर टांग टाकून आत उडी मारायची. लुगडं नेसून हे कसं जमलं असतं, असा विचार आमच्या मनात आला. तिथल्या बायकांचे घोळदार लांब झगेही काही सोयीचे नव्हते म्हणा.

पण ही गाडी शेतकऱ्याच्या घरात शिरली ती तिच्या कष्टाळूपणामुळे. मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, त्याला पट्टा लावायचा, की गाडीचं झालं इंजिन. त्यावर लाकूड कापलं, दाणे दळले, पाणी उपसलं, लोणी घुसळलं, कपडे धुवायचं यंत्रसुद्धा फिरवलं. शेतावर राहणाऱ्या बाईचं घर म्हणजे शेजारणीपासून मैल दोन मैल लांब, वीज नाही, नळ नाही. तिथला एक किस्सा फार सांगतात. सरकारी पाहणी करायला आलेल्या माणसाने एका शेतकरी बाईला विचारलं, घरात न्हाणीची, नळाची सोय नाही आणि मोटार कशी घेतलीत? ती म्हणाली, न्हाणीच्या टबात बसून गावाला जाता येत नाही ना! आम्ही हे आमच्या बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा बायका टाळ्या पिटून हसल्या. एक जण मात्र म्हणाली, नळ आला असता तरी तो तिला घरातच ठेवणारा, आणि गाडी बाहेर नेणारी. या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो.

पण बाहेर नेणार कधी? ती सुरू झाली तर. ती सुरू व्हायची हँडल मारून. आपल्याकडे विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारलेलं तुम्ही पाहिलं असेल, काहींनी मारलंही असेल. मोटारीचं हँडल पुढच्या बाजूला, जाळीखाली. जोराने फिरवायचं आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. म्हणून शिकवायचे की अंगठा दांड्याभोवती आवळायचा नाही, बाकीच्या बोटांच्या जोडीला ठेवायचा, म्हणजे झटका बसला तर हात सुटतो. थंडीत तर आणखी तऱ्हा. आतलं तेल घट्ट व्हायचं, आणि हँडल मारून इंजिन लागलं की गाडी जागेवर न थांबता समोर उभ्या असलेल्या मालकाच्याच अंगावर हळूहळू सरकायची.

बाईमाणसाने गाडी चालवू नये, तिला ते झेपत नाही, असं तिथेही सर्रास बोललं जायचं. खरी अडचण होती हँडलची. त्याच काळात तिथे बॅटरीवर चालणाऱ्या मोटारी निघत होत्या. हँडल नाही, धूर नाही, आवाज नाही. त्यांच्या जाहिराती बऱ्याचदा बायकांना उद्देशून असायच्या, कारण त्या गावातल्या गावात फिरायच्या, लांबच्या प्रवासाला पुरत नसत. आणि गंमत बघा, ज्या हेन्री फोर्डने जगाला पेट्रोलची स्वस्त मोटार दिली, त्याच्या स्वतःच्या बायकोकडे, क्लारा फोर्डकडे, डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची बॅटरीची गाडी होती!  पुढे चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर इंजिन सुरू करायची युक्ती काढली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत ती बसवली गेली. मॉडेल टीला ती सोय मिळायला १९१९ उजाडलं. एक हँडल गेलं आणि 'झेपत नाही' या बोलण्यातला निम्मा जीव गेला.

हँडल होतं तेव्हाही काही बायका थांबल्या नव्हत्या. न्यू जर्सी राज्यातली ॲलिस रॅम्से ही २२ वर्षांची गृहिणी, लहान मुलाची आई. तिचा घोडा एका मोटारीला बुजून उधळला, म्हणून नवऱ्याने काळजीपोटी तिला मोटारच घेऊन दिली. पुढच्याच वर्षी, ९ जून १९०९ ला, ती न्यूयॉर्कहून मॅक्सवेल गाडी घेऊन निघाली ती देशाच्या दुसऱ्या टोकाला सॅन फ्रान्सिस्कोला ७ ऑगस्टला पोचली. ५९ दिवस. बरोबर दोन नणंदा आणि एक मैत्रीण, तिघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. वाटेत पक्का रस्ता फार थोडा, बाकी चिखल आणि चाकोऱ्या. अकरा वेळा टायर बदलले. एकदा गाडी तापली, पाणी आणायला भांडं नाही, तेव्हा ब्रश ठेवायच्या काचेच्या नळ्यांतून खळग्यातलं पाणी आणून आणून त्यांनी ते गाडीला पाजलं. गाडीच्या कंपनीने जाहिरातीसाठी हा प्रवास करवला होता हे खरं. बाई चालवू शकते तर कुणीही चालवू शकेल, असं कंपनीला दाखवायचं होतं. हा मान होता की टोमणा, ते तुम्हीच ठरवा.

जाता जाता मेरी अँडरसन यांचं नाव घेऊ. पावसात काच पुसणारा जो दांडा असतो, वायपर, त्याचं पेटंट १९०३ साली अलाबामाच्या या बाईंना मिळालं. कंपन्यांनी तेव्हा ते घेतलं नाही. पेटंटची मुदत संपली आणि मग प्रत्येक गाडीला वायपर लागला. मेरीबाईंना त्यातून काही मिळालं नाही.

आता पैशाची गोष्ट, कारण आपण गटवाल्या, ती सोडणार नाही. २६० डॉलर झाले तरी एकरकमी कुणाकडे असतात? १९१९ मध्ये जनरल मोटर्सने स्वतःची कर्ज देणारी कंपनी काढली. थोडी रक्कम भरा, गाडी आजच घरी न्या, बाकी हप्त्याने फेडा. हेन्री फोर्डला कर्जाचा तिटकारा होता. त्याने १९२३ मध्ये उलटी योजना आणली. दर आठवड्याला पाच डॉलर बँकेत साठवा, त्यावर व्याज मिळेल, आणि गाडीएवढी रक्कम साठली की गाडी न्या. म्हणजे आपली साप्ताहिक बचतच की! आम्हाला वाटलं, ही योजना जिंकली असणार. पण नाही. लोकांनी हप्त्याची वाट धरली. गाडी दारात उभी राहते ती आज, आणि बचतीची गाडी पुढच्या वर्षी, यात माणूस काय निवडणार ते आपल्याला आपल्या गावातल्या मोटारसायकलींवरून माहीत आहे. फोर्डची योजना फसली, आणि अमेरिकेची हप्त्याची सवय मोटारीने आणखी पक्की केली.

दुसरं महायुद्ध १९४५ ला संपलं. घरी परतलेल्या सैनिकांची लग्नं झाली, पोरं झाली, आणि शहराबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. घरं छान, पुढे हिरवळ, पण दुकान, शाळा, दवाखाना यातलं काहीच चालत जाण्याच्या अंतरावर नाही. नवरा सकाळी गाडीने किंवा रेल्वेने कामाला गेला की बाई त्या हिरवळीवर अडकली. म्हणून घरोघर बाईच्या हाती चाक आलं. तिथल्या आज सत्तरीतल्या लोकांना लहानपण आठवतं तेव्हा आईचा चेहरा मागच्या सीटवरून, आरशात दिसणारा आठवतो. आणि आठवते ती स्टेशन वॅगन.

स्टेशन वॅगन म्हणजे मागे डिकीऐवजी लांब खोली असलेली मोटार. नावातच गोष्ट आहे. रेल्वे स्टेशनवरून पाहुणे आणि त्यांचं सामान आणायला जी गाडी वापरायची, ती ही. आधी तिचा मागचा भाग खऱ्या लाकडाचा असायचा. सुतारकामच ते. फोर्ड कंपनीने तर मिशिगनमध्ये आयर्न माउंटन इथे स्वतःचं जंगल आणि लाकडाचा कारखाना ठेवला होता, आणि उरलेल्या लाकडातून कोळशाच्या वड्या पाडून विकल्या. टाकाऊ काही नाही, हे आम्हाला आवडलं. पण लाकडी गाडी म्हणजे घरात आणखी एक लाकडी दार. दर वर्षी रोगण लावा, पावसात फुगते, उन्हात आवळते, सांधे कुरकुर करतात. १९४९ ला प्लिमथने संपूर्ण पत्र्याची वॅगन काढली आणि लाकूड मागे पडलं. मागे पडलं, पण मनातून गेलं नाही. फोर्डने 'कंट्री स्क्वायर' नावाच्या वॅगनवर लाकडासारखा दिसणारा विनाइलचा चिकटपट्टा लावला, आणि १९९१ पर्यंत लावत राहिले! पत्र्याची गाडी, वर सागवानी सोंग. आपल्याकडे सिमेंटच्या खांबाला लाकडी नक्षीचा रंग देतात, त्यातलाच हा प्रकार.

या गाड्यांच्या तऱ्हा सांगाव्यात तेवढ्या थोड्या. पुढची सीट म्हणजे सलग बाकडं, तिघं आरामात, पोर मध्ये. गिअरचा दांडा चाकाच्या मानेला. रात्री दिवा खाली-वर करायचं बटण पायाशी, डाव्या पायाने टक करून दाबायचं. क्रायस्लरच्या गाड्यांना १९५६ पासून गिअरच्या जागी बटणं आली, रेडिओसारखी. वायपर इंजिनाच्या श्वासावर चालायचे, म्हणजे इंजिन आत हवा ओढतं त्या ओढीवर. त्यामुळे चढ चढताना इंजिनावर ताण आला की वायपर मंदावायचे, नेमके पावसात आणि नेमके घाटात. १९५७ च्या शेवरोलेटला मागे माशासारखे पंख होते, आणि पेट्रोलचं झाकण डाव्या पंखाच्या चकचकीत पट्टीआड लपवलेलं. आदल्या वर्षीच्या गाडीत तेच मागच्या लाल दिव्याआड. पंपावरचा नवा पोऱ्या गाडीभोवती फेऱ्या मारायचा, आणि आतली पोरं त्याला सांगायची नाहीत.

पोरांची खरी जागा मागे. १९५७ च्या प्लिमथसारख्या वॅगनमध्ये तिसरं बाकडं उलट्या तोंडाचं आलं. सगळं घर पुढे बघतंय आणि ही दोन पोरं मागच्या गाडीवाल्याला जीभ दाखवतायत. बसून बसून मळमळायचं, पण जागेसाठी मारामारी ठरलेली. फोर्डने १९६६ ला मागचं दार असं केलं की ते खालीही पडायचं आणि बाजूलाही उघडायचं. जनरल मोटर्सने १९७१ ला त्यावर कडी केली. किल्ली फिरवली की काच वर छतात सरकायची आणि पत्र्याचं दार खाली जमिनीत गडप व्हायचं.

पट्टे मात्र नव्हते. सीटबेल्ट सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचे झाले ते १९६८ च्या गाड्यांपासून. तोवर ब्रेक दाबला की आईचा उजवा हात आपोआप शेजारच्या पोराच्या छातीवर आडवा यायचा. पोरं मोठी झाली, पट्टे आले, तरी त्या पिढीच्या बायकांचा हात आडवा यायचा राहिला नाही, असं त्यांची मुलं हसून सांगतात. एसटीत पुढच्या बाकावर बसलेली आपली कुठलीही बाई बघा, हात तिथेच असतो. लहान मुलांना मोटारीत खास सीटवर बसवण्याचा पहिला कायदा टेनेसी राज्याने केला, तो १९७८ ला लागू झाला. जुन्या गाड्यांच्या गोड आठवणींत ही बाजू कुणी फारशी काढत नाही.

एवढ्या बायका चाकामागे बसल्या तेव्हा कंपन्यांना वाटलं, बायकांसाठी वेगळी गाडी काढू. आक्कांच्या त्या डॉजनेच १९५५ ला काढली. नाव 'ला फाम', म्हणजे फ्रेंचमध्ये बाई. रंग गुलाबी आणि पांढरा. गाडीबरोबर तशीच पर्स, पावडरची डबी, लिपस्टिकची नळी, रेनकोट आणि छत्री. दोन वर्षांत बंद पडली, घेतलीच नाही फारशी कुणी. त्याच काळात जनरल मोटर्सच्या आराखडा विभागात काही बायका नोकरीला होत्या. त्यांनी सुचवलेल्या गोष्टी बघा. मागच्या दाराला मुलांना उघडता येणार नाही अशी कुलपं, सामानाला कप्पे, आपोआप गुंडाळणारे पट्टे. लिपस्टिक देणारे एक आणि दाराचं कुलूप मागणाऱ्या दुसऱ्या.

आता जी गोष्ट सांगायची आहे तिच्यासाठीच आम्ही ही सगळी वाट चाललो. वॅगन काही सगळ्यांच्या नशिबी सारखी नव्हती. काळ्या लोकांना प्रवासात हॉटेल खोली देत नसे, खानावळ जेवण देत नसे, कित्येक गावांत सूर्य मावळल्यावर थांबायची सोय नव्हती. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या व्हिक्टर ग्रीन या पोस्टमनने १९३६ पासून एक पुस्तिका काढली, कुठे थांबता येईल, कुठे खाता येईल याची. तीस वर्षं ती निघत राहिली. मोटारीत पेट्रोलचा डबा, शिदोरी आणि ही पुस्तिका असल्याशिवाय ती कुटुंबं निघत नसत.

अलाबामा राज्यात माँटगोमेरी शहर. सिटी बसमध्ये गोऱ्यांनी पुढे, काळ्यांनी मागे बसायचं, आणि पुढची जागा भरली तर मागच्यांनी उठायचं. १ डिसेंबर १९५५ ला शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स उठल्या नाहीत. त्यांना अटक झाली. त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापक बाईंनी आणि त्यांच्या महिला मंडळाने कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं छापली, आणि ५ तारखेपासून काळ्या लोकांनी बसमध्ये बसणं बंद केलं. बसने जाणाऱ्यांत बहुतेक बायकाच, गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या. त्यांनी जायचं कसं?

घरच्या गाड्या बाहेर निघाल्या. सुमारे तीनशे गाड्या. चाळीसहून जास्त ठिकाणी थांबे ठरले. पुढे चर्चनी पंधराच्या वर नव्या स्टेशन वॅगन घेतल्या, प्रत्येकीच्या अंगावर त्या त्या चर्चचं नाव रंगवलं. लोक त्यांना फिरती चर्च म्हणायला लागले. पोरांसाठी केलेलं ते मागचं लांब पोट आता कामावर जाणाऱ्या बायकांनी भरलं. पोलीस गाड्या अडवायचे, दंड करायचे. मार्टिन ल्यूथर किंग यांनाच २५ मैलांच्या हद्दीत ३० मैल वेगाने गाडी चालवली म्हणून पकडून नेलं. विमा कंपन्यांनी वॅगनचे विमे रद्द केले. शेवटी लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळाला. आणि एक विलक्षण गोष्ट. कित्येक गोऱ्या मालकिणींना घरकामाची बाई हवीच होती, म्हणून त्या स्वतःच गाडी काढून तिला आणायला-सोडायला जायच्या. महापौरांनी त्यांना जाहीरपणे सांगितलं, असं करू नका. बायकांनी ऐकलं नाही.

पेट्रोलचा पैसा कुठून? जॉर्जिया गिल्मोर नावाची बाई होती, खानावळीत स्वयंपाक करणारी, सुईणीचं कामही करणारी. तिने बायका गोळा केल्या. घरात कोंबडी तळायची, मासे, पाय, केक करायचे, आणि सभेत, केस करायच्या दुकानांत, दारोदार विकायचे. कुणी पीठ द्यायचं, कुणी साखर, कुणी नुसते हात. पैसे सभेत आणून मोजून द्यायची. कुणी दिले हे मात्र सांगायचं नाही, कारण ज्यांच्या घरी या बायका कामाला, त्यांना कळलं तर नोकरी गेली. कुठून आले विचारलं तर उत्तर ठरलेलं, कुठूनच नाही. म्हणून त्या गटाचं नावच पडलं 'कुठूनच नाही मंडळ'. जॉर्जियाबाईंनी मार्चमध्ये कोर्टात साक्ष दिली, बसचालकाने आपल्याला कसं वागवलं ते सांगितलं, आणि त्यांची नोकरी गेली. मग त्यांनी स्वतःच्या घरीच खानावळ चालवली. पुढारी तिच्या स्वयंपाकघरात जेवायला येऊन बसायचे आणि तिथेच बैठका व्हायच्या.

१३ नोव्हेंबर १९५६ ला या गाड्यांवर बंदी घालण्यासाठी खटला चालू असताना कोर्टातच बातमी आली की सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेदभाव बेकायदा ठरवला. तरी त्या दिवशी गाड्यांवर बंदी आलीच. प्रत्यक्ष हुकूम हातात येईपर्यंत पाच आठवडे लोक चालत गेले. सगळे मिळून ३८१ दिवस. ज्या वॅगनवर नकली लाकूड चिकटवलं म्हणून आम्ही हसलो, तिचं हेही एक काम.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. बाई वीस वर्षं घरची गाडी चालवत असली तरी गाडी नावावर करून कर्ज घ्यायला ती बँकेत गेली की नवऱ्याची सही मागायचे. लिंग किंवा लग्नाच्या कारणाने कर्ज नाकारता येणार नाही असा कायदा अमेरिकेत झाला तो १९७४ मध्ये. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर पाच वर्षांनी. आपल्या गटातल्या बायका बँकेच्या दारात काय ऐकतात ते आम्हाला माहीत असल्याने याचं आम्हाला फार आश्चर्य वाटलं नाही.

तोवर वॅगनचे दिवस भरत आले होते. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी अमेरिकेला तेल तोडलं, पंपांवर रांगा लागल्या. साडेपाच मीटरहून लांब, लिटरला चार-पाच किलोमीटर जाणारं हे धूड पोसणं कठीण झालं. दहा वर्षांनी क्रायस्लरने मिनी व्हॅन काढली. ती उंच, आटोपशीर, सरकत्या दाराची. घरोघरच्या बायका तिकडे गेल्या. मोठी अमेरिकी वॅगन १९९६ ला शेवटची निघाली.

ही सगळी गोष्ट आम्ही पुढच्या बैठकीत वाचून दाखवली. 'कुठूनच नाही मंडळा'पाशी आल्यावर परत वाचायला लावलं. टेम्पोचा भाव अजून ठरायचा आहे, कर्जाचा अर्ज बँकेत दिला आहे, ग्रामसंघाच्या नावाने. दोघींनी शिकाऊ परवान्याचे कागद भरले. त्यातल्या एकीच्या सासूबाईंनी स्वतः येऊन फोटोचे पैसे दिले. आक्का म्हणतात, पहिल्या फेरीला आपण येणार, पण मागच्या बाकावर नाही.